विहिरीवरची सभा

उमेदवार विहिरीवर उभा होता आणि माझ्या घरातून धूर निघत होता.

"पहिलं काम नळाचं," तो सांगत होता. "दुसरं संडासांचं. तिसरं, दवाखाना..."

"गो, तुझ्याच घरातसून धूर येता!" शेजारणीने माझा दंड धरून ओढलं.

घरात माझी तान्ही मुलगी झोळीत होती आणि सासू चुलीपुढे. सभेनंतर उमेदवाराचा चहा आमच्याकडे, म्हणून ती आधण ठेवायला मागे राहिली होती. छप्पर झावळ्यांचं.

उमेदवार विहिरीवर का, ते सांगते. मुलुंड तेव्हा नुकतंच मुंबईत घेतलं होतं. आमच्या वाडीत सगळे कोकणातले, पुरुष गिरणीत, आणि पाण्याला ती एक विहीर. पुरुषांनी ठरवलं, नळ मागायचा तर याला विहिरीवरच उभा करू, म्हणजे विसरायचा नाही. ही अक्कल माझ्या नवऱ्याची. विहिरीचं तोंड झाकून कठड्यावर त्याने स्वतः फळ्या ठोकल्या, वर सतरंजी, टेबल, खुर्ची. बायकांनी विचारलं, "आणि संध्याकाळचं पाणी?" तर म्हणे, "एक दिवस नाही भरलंत तर मरत नाही कोणी." घरात भरलेले हंडेसुद्धा धूळ बसावी म्हणून सभेच्या जागी शिंपडायला लावले.

मी "आग, आग" ओरडत पुढे गेले. उमेदवाराने हात वर केला. "बाई, गोंधळ घालायला तुम्हाला कुणी पाठवलं ते मला ठाऊक आहे. बसा खाली." दोघातिघांनी टाळ्याही वाजवल्या.

मग छपरातून जाळ वर आला आणि सगळे फळ्यांवर तुटून पडले. खिळे लांब होते. बोटांनी काय निघणार?

"पहार आणा रे!"

"पहार कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," नवरा म्हणाला. "घरात."

टेबलावर उमेदवारासाठी भरलेला तांब्या होता. हाताशी पाणी होतं ते तेवढंच. मी हात घातला, तोवर उमेदवारानेच तो उचलून माझ्या डोक्यावर उपडा केला. एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

ओला पदर तोंडाला लावून मी वाकून आत शिरले. काही दिसेना. झोळी हाताला लागली, ती रिकामी. खाली चाचपलं. सासू चुलीजवळ नव्हती, उंबऱ्याकडे डोकं करून पालथी पडली होती. मुलगी तिच्या पोटाखाली. हाताला मुलीचा पाय लागला, तोच धरून ओढली आणि बाहेर आणून शेजारणीच्या अंगावर टाकली. परत वळले तर आढं खाली आलं.

फळ्या निघाल्या, कळशा आल्या. तोवर विझवायला फक्त कुडाच्या भिंती उरल्या होत्या.

उमेदवार निवडून आला. विहिरीशेजारी नळ आला, संडास आले. दवाखान्याला फार वर्षं लागली. नवऱ्याने पुढे कुठल्याच सभेचं मंडपकाम अंगावर घेतलं नाही.

त्या आगीतून मुलगी आणि मी वाचलो. सासू वाचली नाही.