मेलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर

एकोणीस वर्षं ती त्याच गल्ल्यांतून हिंडली होती. खांद्याला पिशवी, पिशवीत ब्लडप्रेशरचं मशीन, सुया, रक्ताच्या नळ्या. ऐन तरुणपणी हृदयविकार कोणाला होतो आणि का, याचा अभ्यास एक संशोधन केंद्र चालवत होतं. हमाल, विणकर, बाहेरदेशातून येऊन राहिलेली कुटुंबं, बंगल्यातली माणसं, सगळ्यांची दरवर्षी तपासणी. या नर्सबाईला लोक ‘सुईबाई’च म्हणत. रांगताना पाहिलेल्या पोरांच्या दंडालाही तिने पुढे पट्टा गुंडाळला.

तीन वर्षांपूर्वी हमालांची वस्ती नव्या पर्यवेक्षकाकडे गेली. गडी चलाख. एक घर सुटायचं नाही. बैठकीत मोठे डॉक्टर त्याची पाठ थोपटायचे आणि सुईबाईकडे वळून म्हणायचे, “शिका जरा.” तीही मनातल्या मनात खजील व्हायची.

तो रजेवर गेला, म्हणून ती वस्तीत आली. पहिल्याच दारात एक बाई भांडी घासत होती.

“मालक कुठायत?”

बाईचा हात थांबला. “सिस्टर, ते जाऊन चौदा महिने झाले. छातीत कळ आली, जिन्यातच बसले. छत्तिसावं चालू होतं.”

सुईबाईने टॅब उघडला. त्यांच्या नावावर चार महिन्यांपूर्वीची पर्यवेक्षकाची नोंद: ब्लडप्रेशर एकशे अठरा, शहात्तर. वजन अर्धा किलो कमी. खाली टीप, ‘जिने चढण्याचा सल्ला दिला.’

बोटाने मागची पानं सरकवत ती चार वर्षं मागे गेली. तेव्हाचं रक्त तिनेच काढलं होतं. चरबीच्या आकड्याखाली प्रयोगशाळेने धोक्याची लाल रेघ मारली होती.

“हा रिपोर्ट दाखवला होता कोणी?”

“कसला रिपोर्ट?”

रिपोर्ट घरी पोचवणं हे केंद्राचं काम, आपण फक्त रक्त काढायचं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. कधी एका शब्दाने विचारलं नव्हतं. आता तिला स्वतःचीच शिसारी आली.

पुढचे आठ दिवस कामावरून सुटलं की ती वस्तीतली घरं पालथी घालायची. अकरा माणसं मेलेली निघाली, त्यांतली सात चाळिशीच्या आतली. अकराही जणांचं ब्लडप्रेशर मेल्यानंतरही वेळच्या वेळी मोजलेलं.

ती नावांची यादी घेऊन गेली तेव्हा मोठे डॉक्टर बिस्किट चहात बुडवत होते. यादीवरून नजर फिरवून म्हणाले, “दुरुस्त करून घेऊ. गवगवा कशाला? एकोणीस वर्षांच्या कामाला डाग लागेल.”

“डाग मी लावला का, साहेब?”

“अहो, दोन हजार माणसांत अकरा म्हणजे काय!”

त्यांच्या टेबलावर छापायला निघालेला लेख पडला होता. वरच्याच पानावर ठळक वाक्य होतं: हमालांमध्ये तरुण वयातले मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी. डॉक्टरांनी त्यावर बशी सरकवली आणि मिशीवरचा चुरा पुसला. त्या माणसासमोर एक क्षणही उभं राहवेना तिला.

तिने यादी केंद्राच्या तपास समितीकडे धाडली. चौकशी झाली, लेख थांबला. पर्यवेक्षक दुसऱ्या प्रकल्पावर गेला, तेही वरच्या पदावर. आणि हमालांची वस्ती अभ्यासातूनच काढून टाकली, ‘माहिती भरवशाची नाही’ म्हणून. सुईबाईने राजीनामा डॉक्टरांच्या हातात न देता टपालाने पाठवला.

पहिल्या दारातल्या त्या मेलेल्या हमालाचा धाकटा भाऊ तिशीतला होता. तिने त्याला सरळ सरकारी इस्पितळात नेलं. हृदयाची मोठी रक्तवाहिनी निम्म्याहून जास्त बुजलेली निघाली. वेळेवर उपचार झाले, पोरगा वाचला. घरी सोडलं त्या दिवशी त्याने विचारलं, “सिस्टर, केंद्रातली माणसं आता कधी येणार?”

“नाही येणार. तुमची वस्ती यादीतून काढली.”

“का? आम्ही काय केलं?”

सुईबाईने इस्पितळाची चिठ्ठी त्याच्या खिशात घातली. “तुम्ही काही नाही केलं रे,” ती म्हणाली. “मंगळवारी गोळ्या आणायला जायचंय. वहिनीलाही सोबत घे, तिचंही ब्लडप्रेशर बघू.”