थोमा घरी नव्हता

सुप्रभाबाई साळव्यांना आमच्या बर्मिंगहॅमच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत सगळे टरकून असतात, मीसुद्धा. चहा पातळ झाला तरी त्या बोलणार, गाण्याचा सूर चढला तरी बोलणार. मूळच्या नगरच्या, इथल्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आयुष्य काढलं. कितीतरी परक्या माणसांचे डोळे त्यांनी आपल्या हातांनी मिटले. नवऱ्याचं नाव मात्र कधी घेतलं नाही. समोर ‘अहो’, मागे ‘नीनाचे पप्पा’. आम्ही चिडवलं तर म्हणायच्या, “नाव घेऊन हाक मारायला ते काय माझे पेशंट आहेत?”

करोनाच्या पहिल्या लाटेत ते गेले. बाई स्वतः तापानं घरात कोंडलेल्या. हॉस्पिटलात जाता आलं नाही, दफनविधी लॅपटॉपवर पाहिला, तोही बंद पेटीचा. त्यानंतर बाई कबरीवर नावाचा दगड बसवू देईनात. लेक नीना, इथेच जन्मलेली, विनवायची, “मम्मी, किती वर्ष झाला! पप्पांचा स्टोन लाव ना, प्लीज.”

“आत कोण आहे ते मी पाहिलंय का?” एवढंच उत्तर.

हा वेडेपणा आहे हे त्यांनाही कळत होतं. पण हात लावल्याशिवाय त्यांना मरण पटत नव्हतं. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि घरी आल्यावर रडूही यायचं.

यंदा ईस्टरनंतरच्या रविवारी आमचे तरुण पाळक अपूर्व हे येशूचा शिष्य प्रेषित थोमा याच्यावर बोलले. “जखमांत बोट घातल्याशिवाय प्रभू मरणातून उठला हे मानणार नाही म्हणाला, म्हणून आपण त्याला संशयी म्हणून नावं ठेवतो. पण प्रभूनं बाकीच्या शिष्यांना आपल्या हातांच्या आणि कुशीच्या जखमा दाखवल्या, चाचपून पाहा म्हणाला, तेव्हा थोमा घरी नव्हता. त्यानं जास्तीचं काही मागितलं नाही. त्यांना मिळालं तेवढंच मागितलं.” पुढे हाच थोमा समुद्र ओलांडून आपल्या देशात आला आणि तिथेच भाल्यानं मारला गेला, असं परंपरा मानते, हेही त्यांनी सांगितलं.

सुप्रभाबाई मधेच उभ्या राहिल्या. “त्याला दाखवायला प्रभू परत आला. मला कोण दाखवणार?”

पाळक खाली आले आणि बाईंच्या शेजारी बसले. प्रवचन अर्धंच राहिलं. बाहेर पडताना बाई नीनाला म्हणाल्या, “दगडाचं बघ. पण नाव मराठीत हवं.”

दगड कोरणाऱ्या गोऱ्या माणसाला देवनागरी कुठून येणार? नीनानं लहानपणी शिकलेलं आठवून मोठ्या कागदावर नाव काढून दिलं. अक्षरं जरा वाकडी आली, पण त्यानं ती छान खोल कोरली.

ऑक्टोबरात दगड बसला, तेव्हा आम्ही तिघीच होतो. बाईंनी हातमोजा काढला, वाकून पहिल्या अक्षरात बोट घातलं. मग काना, मात्रा, मग पुढचं अक्षर. नर्स जखम तपासते तसं, हळू. शेवटच्या अक्षरात बोट थांबलं.

“मोहन,” त्या म्हणाल्या. “मोहन, गेलात हो तुम्ही.”