हिरामावशीच्या ओट्यावरच्या खुर्च्या

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — अर्धं सांगितलंय. अर्धं तर इतक्यांदा सांगितलंय की ऑफिसात डबे आवरले की लोक फर्माईश करायचे, ‘ती भुताची खुर्ची होऊन जाऊ दे.’ मग मी डोळे मोठे करून, टेबलावर नखाने टकटक करून सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. पण मी नेहमी एकाच ठिकाणी थांबायचो. हशा आला की थांबायचो. त्याच्यापुढचं बायकोला माहीत आहे, तेही तिने डोळ्यांनी पाहिलं तेवढंच. सगळं कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मलाच नीट माहीत नाही.

पण आधी खुर्च्यांचं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला मी नुसता दुष्ट वाटेन. मी मूर्खही होतो, हे ध्यानात असू द्या.

मी डोंबिवलीत राहणारा, ठाण्याला एका कंपनीत ड्राफ्ट्समन. घर म्हणजे एक खोली, स्वयंपाकघर आणि गॅलरी. अशा माणसाने पोस्टाची तिकिटं जमवावीत, काड्यापेट्यांची चित्रं जमवावीत. मी खुर्च्या जमवायचो. त्याही साध्यासुध्या नाहीत — तारेच्या. टेंभी नाक्याजवळ एका रद्दीवाल्याकडे जुनं परदेशी मासिक मिळालं, त्यात एका खुर्चीचा पानभर फोटो होता. बारीक लोखंडी सळया वाकवून, एकमेकींना वेल्ड करून केलेली जाळी, सुपासारखी वळलेली, खाली चार काटकुळे पाय. आरपार दिसणारी. कुणीतरी हवेतच ड्रॉइंग काढून ठेवावं तशी. मी गेलो कामातून.

मग कळलं, तशा खुर्च्या एके काळी आपल्याकडेही होत्या. दातांच्या दवाखान्यांत, फोटो स्टुडिओंत, साहेब लोकांच्या क्लबांत. ऐंशीच्या दशकात लोक सोफे घेत होते आणि त्या भंगारात काढत होते. मी एकेक करून आणायचो, खरवडायचो, रंगवायचो आणि जागा नाही म्हणून गॅलरीच्या छताला टांगायचो. बसायला त्या भयंकर. पाहुणा उठला की त्याच्या मांड्यांवर आलेखाचा कागद छापलेला. माझी बायको, सुनंदा, पाहुणे आले की सरळ सतरंजी अंथरायची. म्हणायची, “खुर्च्या बघायच्या आहेत. बसायचं खाली.”

त्यातल्या एका खुर्चीने मला पहिल्यांदा घाबरवलं. दिवेलागणीची वेळ, सुनंदा माहेरी गेलेली, मी एकटा चहा करत होतो. गॅलरीतून आवाज आला — टक्. मग थोडी शांतता. मग लागोपाठ दोन, टक् टक्. एखादा जड माणूस हातांवर भार देऊन खुर्चीतून उठतो ना, अगदी तसा. बाहेर पाहिलं तर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच वेळेला. मी — इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा डिप्लोमा असलेला माणूस — गॅलरीच्या दारात उभा राहून रामरक्षा म्हणायला लागलो. बऱ्याच संध्याकाळी तशा गेल्यावर खुर्ची उलटी करून पाहायचं सुचलं. एक जोड सुटला होता. दुपारभर पश्चिमेच्या उन्हात लोखंड तापायचं, फुगायचं. ऊन कललं की आक्रसायचं आणि सुटलेली सळई शेजारणीवर घसरून वाजायची. एवढंच. ज्या आवाजाने माझी वाचा बसली होती, तो लोखंडाचा होता.

हे मला पक्कं माहीत होतं. हे लक्षात ठेवा. मला माहीत होतं.

ऑफिसातल्या एकाच्या घरी पूजेला म्हणून मोहने गावी गेलेलो. परत येताना रस्त्याकडेच्या एका कौलारू घराच्या ओट्यावर दोन खुर्च्या दिसल्या. जोडी. तीच घडण, तेच पाय, पांढऱ्या रंगाचे पापुद्रे सुटलेले. मासिकातला फोटो कुणीतरी आणून ओट्यावर ठेवलाय असं वाटलं. शेजारी जमिनीवर एक म्हातारी आगरी बाई वाल निवडत बसलेली. मी पाणी मागितलं. तिने चहा दिला.

तिचं नाव हिराबाई. मी पहिल्याच घोटाला तिची ‘मावशी’ केली. खुर्च्या तिच्या नवऱ्याच्या. तो तिथल्या एका कारखान्याच्या क्लबात माळी होता. क्लबाने जुनं सामान काढलं तेव्हा त्याने दोन्ही खुर्च्या डोक्यावर घालून घरी आणल्या. रोज संध्याकाळी दोघींपैकी एकीतच बसायचा. माणूस जाऊन दोन वर्षं झाली होती.

“विकणार का मावशी?”

“नाय रं बाला. हरेशचा बापूस बसायचा तिच्यावं.”

हरेश तिचा मुलगा, टेम्पो चालवायचा. मी दर रविवारी जायला लागलो. कधी केळी घेऊन, कधी बिस्किटं. ती मला बाला म्हणायची, माझ्यासाठी सुकट भाजायची. मला वाटायचं, मी तिला घोळात घेतोय. एका रविवारी तिने ते सांगितलं, जे ती बहुधा कुणाला सांगत नसावी. नवऱ्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता.

“दुपार झाली. समद्यांनी बोलून पाह्यलं. हरेशचं लगीन लावू, म्हस इकणार नाय, पोरीला अंतर देणार नाय. कावला फांदीवं बसून बघत ऱ्हायला, खाली नाय आला. मंग भटानं दर्भाचा कावला केला न उरकलं.” वालाची साल काढता काढता ती थांबली. “काय ऱ्हायलं व्हतं त्याचं, कोन जाणं.”

आणि तेव्हाच — ऊन नुकतंच ओट्यावरून उतरलं होतं — त्याच्या खुर्चीतून आवाज आला. टक्.

तिला कमी ऐकू यायचं, तिने मान वर केली नाही. मी मात्र ओळखला. ओटा पश्चिमेचा, जोड सुटलेला. आणि माझ्या डोक्यात जे आलं ते इतकं पटकन आलं की आता वाटतं, ते आधीपासूनच तिथे होतं.

मी आवाज खाली आणला. म्हणालो, “मावशी, ऐकलंत? जरा खुर्चीला कान लावा.” तिने लावला. टक् टक्. तिचा हात सुपातच राहिला. मी म्हणालो, “बसलेला माणूस उठतो ना, तेव्हा तारा अशा वाजतात. रिकामी खुर्ची कशी वाजेल? कावळा का शिवला नाही, कळलं ना आता?” आणि मग, अगदी काळजीच्या सुरात, “असली वस्तू घरात ठेवू नये.”

माझा हिशोब सोपा होता. मी घाबरलो होतो, तशी तीही घाबरेल. पुढच्या रविवारी खुर्च्या डोंबिवलीत.

ती घाबरली नाही. खुर्चीकडे पाहत, पदराने तोंड पुसून म्हणाली, “म्हंजे हाय तो.”

ऑफिसातली गोष्ट इथे संपायची. भुताला भिणारा मी आणि भुताला चहा पाजणारी म्हातारी — हशा. कारण पुढच्या रविवारी खुर्चीच्या पायाशी खरंच चहाचा कप होता, त्यावर साय धरलेली. ती खाली बसून त्याच्याशी बोलत होती. शेजारच्या बांधाचं भांडण, सुनेचं बाळंतपण, डाळीचा भाव. बोलून थांबायची, मान कलती करून खुर्चीला कान लावायची आणि वाट पाहायची. आणि सांगतो, मला सगळं माहीत असून — सळई माहीत, ऊन माहीत — तिने विचारलं, “पोरीकडं जाऊ का दोन दिस?” आणि आतून टक् असं उत्तर आलं, तेव्हा माझ्या हातांवर काटा आला. ती हसून म्हणाली, “जा म्हनतो.” मी तिथून उठलो तो जवळजवळ पळतच स्टेशनला आलो. आणि सोमवारी ऑफिसात तिच्या आवाजाची नक्कल केली.

मग आभाळ भरलं. आठवडेच्या आठवडे ऊन नाही. ऊन नाही तर लोखंड तापत नाही, आणि तापलं नाही तर — तुमच्या लक्षात आलं. माझ्याही आलं होतं. मी मोहन्याला जायचंच टाळलं.

हरेश शोधत शोधत माझ्या घरी आला. भिजलेला. सुनंदाने टॉवेल दिला, तो नुसता हातात धरून उभा. “साहेब, तुम्ही आयेला काय सांगितलंत? ती जेवत नाय. बापूस रुसलाय म्हणते, बोलत नाय म्हणते. संध्याकाळची ओट्यावर भिजत बसते. अंगात ताप हाय. उचलून आत आणली तर पुन्हा जाऊन बसते.”

एक वाक्य होतं. जोड सुटलाय, उन्हाने वाजतो, मी खोटं बोललो. तीन तुकड्यांचं वाक्य. तो मुलगा मला मारणारा नव्हता, फार तर दोन शिव्या दिल्या असत्या. मग मी का बोललो नाही? लाज वाटली म्हणून — असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. लाज वाटलीच. पण ती नंतर. आधी मला वाटलं ते हे, की खरं सांगितलं तर खुर्च्या तिथेच राहतील.

मी म्हणालो, “खुर्च्या घरात नकोत. माझ्याकडे आणून ठेव. डोळ्यांआड झाल्या की ती सावरेल.”

सून तिला डॉक्टरकडे घेऊन गेली तेव्हा, तिच्या माघारी हरेशने दोन्ही खुर्च्या टेम्पोत घालून माझ्याकडे आणल्या. त्या रात्री मला आनंद झाला. हेही सांगायला हवं. मी त्या दोघींवरून हात फिरवत बसलो.

पण घरात आल्यावर मला तिची — त्याच्या खुर्चीची — भीती वाटायला लागली. आवाज नव्हता, तरी. सुनंदा गॅलरीत वाळत घालायला जाताना तिच्या बाजूने न जाता वळसा घालून जायची, आणि का, ते मी विचारत नव्हतो. शेवटी शीळ रस्त्यावरच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन तो जोड पक्का वेल्ड करून आणला. वर दोन हात पांढरा ऑइल पेंट. आता ती वाजणारच नव्हती, कितीही तापली तरी. ज्या भुताची थाप मी मारली होती, त्याचं तोंड मीच बंद करून घेतलं. कारण मी घाबरलो होतो.

ऑक्टोबरच्या उन्हात हरेश तिला घेऊन आला. ती सावरली नव्हती. नुसती बारीक झाली होती. “एकदा बघू दे तिला, मग ती गप होईल,” तो हळूच म्हणाला. ती गॅलरीत गेली, खुर्चीसमोर फरशीवर बसली. नवा रंग पाहून म्हणाली, “गोरा केलास रं बाला त्याला.” मग तिने पिशवीतून एक कप काढला, मोहन्याच्या घरचा, आणि सुनंदाकडून त्यात चहा मागून घेतला.

आमची गॅलरीही पश्चिमेची. दुपारभर ऊन खुर्चीवर होतं. जोड सुटलेला असता तर ती त्या संध्याकाळी नक्की वाजली असती. ऊन भिंतीवर चढलं, मग समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलं, मग गेलंच. ती मान कलती करून बसलेली. सुनंदाने देवाजवळ दिवा लावला. खालच्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. आम्ही तिघं तिच्या मागे उभे, आणि खरं सांगू? मीही कान देऊन होतो. मनात म्हणत होतो, वाज. एकदा वाज. रामरक्षा म्हटली असती मी उलट्या बाजूने, ती वाजावी म्हणून.

काही नाही.

मग तिने हात पुढे करून बैठकीवर तळवा ठेवला. दिवसभराचं ऊन लोखंडात अजून होतं. तिने हात तसाच राहू दिला. कितीतरी वेळ.

“गरम हाय,” ती म्हणाली. “बसला व्हता. आताच उठून गेला.”

 ती उठली, चहा गॅलरीतल्या तुळशीत ओतला, कप पुसून पिशवीत ठेवला. दारात चपला घालताना माझ्याकडे पाहून म्हणाली, “शेवटचा तुज्याकडं ऱ्हायला.” आणि जिन्यात, दोन मजले खाली गेल्यावर, तिचं रडणं ऐकू आलं. नवरा गेलेल्या बाईचं, त्याच दिवशीचं, अगदी नवं रडणं.

तो पहिल्यांदा गेला तो आजाराने. दुसऱ्यांदा मी नेला. वेल्डिंगचं मशीन लावून.

हरेश पुन्हा आला तो जेवणाचं सांगायला. आयेला पुन्हा दिवस घालायचे होते. भटजी म्हणाले, एका माणसाचे दोनदा होत नाहीत. मग तिने हट्टाने नुसतं जेवण घातलं. आणि मला बोलावणं खास होतं, कारण तो शेवटी माझ्या घरी होता. मी गेलो. नाही कसं म्हणणार? — म्हणता आलं असतं. गेलो. अंगणात पंगत बसलेली, मला पहिल्या पानावर बसवलं. मावशी कुणाला वाढू देईना. तिने आधी माझ्या पानात वाढलं, वडे, खीर, वालाचं बिरडं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शेजारी बसलेला हरेश म्हणाला, “साहेब, आता भ्यायचं कारण नाय. त्या खुर्च्या परत आणू का? ओटा मोकळा दिसतो. आयेलाही बरं वाटल.”

मी तोंडातला घास चावत होतो. काही बोलायच्या आधी मावशी म्हणाली, “नको रं. ऱ्हाऊ दे त्याच्याकडं. त्यानं सांभाळला त्याला.” आणि माझ्याकडे पाहिलं. हरेशनेही पाहिलं. दोघं थांबले होते, मी काय म्हणतो त्यासाठी.

मी “बरं” म्हटलं, आणि वडा आणखी एक घेतला.