टेबलावरचं तळं

आमच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पुढच्या वर्षावर मी चहा सांडला. कागदावर सांडला असता तर कोणाला कळलंही नसतं, कारण योजनेचे कागद मी लिहितो आणि ते कोणी वाचत नाही. पण आमच्याकडे पुढचं वर्ष टेबलावर मांडतात. भुसा, खळ आणि रद्दी यांचं अख्खं उद्यान बनवायचं, दोन टेबलं जोडून त्यांवर पसरायचं आणि भोवती उभं राहून कुठे काय करायचं ते ठरवायचं. नकाशा लावला की आमच्या संचालकांना डुलकी लागते, म्हणून ही पद्धत पडली.

हे उद्यान बनवतात रोपवाटिकेच्या आक्का. त्यांचं खरं काम रोपं वाढवण्याचं. पण कोणी काही करताना दिसलं की "सरक, मी करते" म्हणून बाह्या वर सारायच्या, हा स्वभाव. प्रमाण नावाच्या गोष्टीला त्यांनी आयुष्यात भीक घातलेली नाही. टेबलावर त्यांची रोपवाटिका दक्षिणेच्या सगळ्या जंगलाएवढी असते. बिबट्या टेकडीहून उंच, कारण "लांबून दिसायला नको?" आमचं कार्यालय म्हणजे एक काडेपेटी. "यात मी कुठे आहे?" असं संचालकांनी एकदा हौसेने विचारलं, तेव्हा त्यांना काडेपेटीशेजारचं कोटाचं बटण दाखवण्यात आलं. चढ-उतार मात्र बिनचूक. तो विभाग आपण दुखऱ्या गुडघ्यांकडे सोपवलाय, असं आक्का म्हणतात.

यंदा आक्का घुश्शात होत्या. पूर्वेच्या खोलगट भागात पूर्वी तळं होतं. ते गाळाने भरलं, पाणमांजरं निघून गेली आणि आता तिथे पार्किंग करायचं घाटत होतं. इकडे आक्कांनी, तळं आज ना उद्या परत होईल या भरवशावर, काठावर लावायची रोपं कधीपासून वाढवून ठेवलेली. ती पिशव्यांत एवढी माजली होती की मुळं आतल्या आत गोल गोल फिरत होती. या हंगामात जमिनीत गेली नाहीत तर फेकूनच द्यायची. "तो भाग राखाडी रंगवा," असं संचालकांनी सांगितलं तेव्हा आक्कांनी रंगवला. पण कुंचला असा आपटत, की मी दोन खुर्च्या लांब सरकून बसलो.

सभेला थोडा अवकाश होता. मी चहाचा कप टेकडीच्या माथ्यावर ठेवला. तेवढीच एक सपाट जागा होती.

"उचल तो," आक्का म्हणाल्या.

"टेकडी भक्कम आहे तुमची."

"टेकडी आहे. तुझं काय?"

मी घड्याळ बघायला वळलो आणि माझ्या कोपराने उत्तर दिलं.

चहा मोठ्या ऐटीत उतरला. बिबट्याच्या चारही पायांतून वाट काढत, दोन ओढे धरून, बटणरूपी संचालकांना वळसा घालून तो थेट पार्किंगमध्ये जाऊन बसला. संचालकांनी लेकीकडून मागून आणलेल्या प्लॅस्टिकच्या गाड्या तिथे हौसेने लावल्या होत्या. त्या तरंगू लागल्या.

"पूस," आक्का म्हणाल्या.

मी फडकं शोधतोय तोवर दार उघडून संचालक आत आले, आणि त्यांच्यामागून मुख्य कार्यालयाच्या मोठ्या बाई. कुठल्याही योजनेवर शेवटचा शब्द त्यांचा.

"आणि हे आपलं पार्किंग," संचालकांनी हात केला आणि तो हात तसाच राहिला.

"गाड्या तरंगतायत," बाई म्हणाल्या.

"याने चहा सांडला," आक्कांनी मला क्षणात विकून टाकलं.

"पार्किंगमध्ये?"

"नाही, टेकडीवर."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पाण्याचा पेला उचलला आणि शांतपणे उत्तरेच्या माळावर ओतला. पाणी जरा घुटमळलं आणि पार्किंगला निघालं.

"खरंच असं उतरतं?"

"उतरतं," आमचे प्राण्यांचे डॉक्टर दारातून म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात माझी जीप तिथेच रुतली होती."

"मग बोलला नाहीत ते?" संचालक.

"जीप सरकारी होती."

"मी पश्चिमेकडून बघू का?" असं म्हणत संचालकांनी पाण्याचा जग उचलला आणि मग कोणी कोणाला आवरेना. पेन्शनीला आलेली माणसं जगासाठी एकमेकांना ढकलू लागली. डॉक्टरांनी किटली रिकामी केली. बिबट्या गुडघ्यांत वाकला. कार्यालय वाहून गेलं, त्याचं कोणाला सुतक नव्हतं. कुठूनही ओता, पाणी आपलं पार्किंगमध्ये. दर वेळी टाळ्या.

"पावसात लोकांनी गाड्या कशा काढायच्या हो, आक्का?" बाईंनी बाही पिळत विचारलं.

"गळ टाकून."

बाई खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग आक्कांकडून माजलेल्या रोपांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गाळ काढा. तळं होऊ दे. पार्किंग फाटकाजवळच्या मुरमाड उंचवट्यावर न्या. आणि काठ आधी तयार करा, झाडं याच हंगामात लागली पाहिजेत."

"पाणमांजरं येतील?" संचालकांनी लहान मुलासारखं विचारलं.

"वरच्या नदीत आहेत अजून," डॉक्टर म्हणाले. "पाणी टिकलं, मासे झाले, तर येतीलही. वचन नाही देत."

आक्कांनी ॲप्रनच्या खिशातून मातीचं पाणमांजर काढलं. तीन गाड्यांएवढं. कधी बनवलं होतं कोण जाणे. ते त्यांनी चहात अलगद सोडलं आणि "मुळांना सांगून येते" म्हणून रोपवाटिकेकडे पळाल्या. गुडघ्यांसकट.

परत आल्या तेव्हा खोलीत मी एकटाच होतो, आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

"आक्का," मी म्हणालो, "आठवण म्हणून त्या तळ्याला माझं नाव द्यायला हवं. शेवटी पहिलं पाणी कोणी सोडलं?"

"आधी टेबल पूस."