गोदाच्या अंगणातलं गाऱ्हाणं

शिमग्याची पालखी गोदाच्या अंगणात यायची, तर एक खोटं टिकायला हवं होतं. राजापूरजवळच्या तिच्या वाडीचा रिवाज असा, की ज्या घरात कुणी स्वतःहून जीव दिला, त्या घरी पालखी तीन वर्षं थांबत नाही. म्हणून श्रावणात तिचा हर्षद गेला, तेव्हा देवाचे मानकरी असलेल्या गावकर आप्पांनी घरी येऊन, तिच्या भल्यासाठीच, शब्द ठरवून दिला होता. अटॅक. गोदा गप्प राहिली. वाडीला सगळं ठाऊक होतं, वाडीही गप्प राहिली.

हर्षद जहाजावर खलाशी होता. शेवटच्या खेपेहून आला तो भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. ताटात भात चिवडायचा, रात्रभर जागा असायचा. जहाजावरचा फिलिपिन्सचा स्वयंपाकी असाच गेला, एवढंच त्यानं आईला सांगितलं होतं. कंपनीनं त्याच्याही घरी अटॅकच कळवला होता. हे खोटं कुठल्याही बंदरात चालतं. गोदानं त्याला डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं, तर आप्पांनी आधी देवळात कौल लावला. देवाला चिकटवलेल्या कळ्यांतली डावी आधी पडली, म्हणजे नको. गोदा थांबली.

आता शेजारच्या जनीचा मुलगा संदेश जहाजावरून उतरला होता. तोही भिंतीकडे तोंड करून पडायचा. दमलाय, जनी म्हणायची, पालखी येऊन गेली की कौल लावू. डॉक्टरला दाखव, असं गोदानं सांगून पाहिलं. त्यावर जनीनं टोला दिला, "तुझा तर अटॅकनं गेला. तुला काय कळतंय गो ह्यातलं?"

ते बोलणं गोदाला निखाऱ्यासारखं चटके देत राहिलं. जनीनं हर्षदला रोज पाहिलं होतं. तीही ठरलेलंच बोलत होती.

पालखी आली. सारवलेल्या अंगणात पाटावर टेकली. गोदानं ओटी भरली, नारळ आप्पांच्या हातात दिला आणि आप्पांनी देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्या घरातला कर्ता लेक अटॅकनं गेला..."

"होय म्हाराजा," सगळे बापये एका सुरात म्हणाले. पडवीत उभी असलेली जनी मान डोलवत होती.

गोदानं आप्पांच्या हातातला नारळ काढून घेतला.

"अटॅक नव्हता. देवासमोर खोटं बोलताय आप्पा, आणि हे होय होय करतायत. माझ्या हर्षदनं जीव दिला. महिनाभर झोपला नव्हता तो. तुम्ही कौल लावलात आणि मी थांबले."

आप्पा हलक्या आवाजात म्हणाले, "गोदे, पालखी समोर आहे. मागाहून बोलू."

"मागाहूनच बोलत आलोत आपण. जने, तुझा अजून जिता आहे. उद्या पहिल्या गाडीनं त्याला रत्नागिरीला ने."

आप्पांनी भोयांना मानेनंच निघायची खूण केली. पालखी उचलली गेली. जाता जाता कुणीतरी बोललं, पोरगा खाल्लान, आता देवाचा मान पण घालवलान. बोलणारा श्रावणात खांदा द्यायला सगळ्यांच्या पुढे होता. गोदानं त्याला नावानं हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही.

दिवेलागणीला जनी मागच्या दारी आली. चुकलं वगैरे काही म्हणाली नाही. "तो डॉक्टर कुठं बसतो?" एवढंच तिनं विचारलं. सरकारी दवाखान्यातच बसतो, गोदानं सांगितलं. हर्षदसाठी तिनं तेव्हाच चौकशी करून ठेवली होती. पालखीचा नारळ तिनं स्वतःच फोडला, खवला आणि सकाळच्या डब्यात पोह्यांवर घातला.

सकाळी एस.टी.च्या थांब्यावर कुणीतरी विचारलं, कुठं निघालात. जनी पटकन म्हणाली, "दात दुखतोय त्याचा."

"दात नाही," गोदा म्हणाली. थांब्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. "त्याला झोप लागत नाही. डोक्याच्या डॉक्टरकडे नेतोय आम्ही."

संदेशनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"बघतोस काय," ती त्याच्यावर खेकसली, "गाडी आली. चढ."