ओटीतला कापूस

मोताळ्याजवळच्या आमच्या शेतात कापसाची शेवटची वेचणी झाली, की वेचणाऱ्या बायांनी कमरेची भरलेली ओटी घरी न्यायची, असा रिवाज होता. मजुरी वेगळी, ओटी वेगळी. तो कापूस त्या वाण्याकडे विकत. आमच्याकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एका बाईची लेक बाळंतपणाला आली होती. तिला सासरी धाडताना लुगडं द्यायचं, ते या ओटीच्या भरवशावर.

त्याच साली सरकारने कापसाची खरेदी आपल्याकडे घेतली, व्यापाऱ्याने कापूस घेणं गुन्हा ठरलं. वाण्याने कानाला हात लावले. सरकारी केंद्रावर ज्याचं शेत त्याचाच कापूस घेत, आणि या बाईच्या नावावर बोरीचं झाडही नव्हतं.

वडील शेती सांभाळून शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. काही हक्क माणूस जन्मतःच घेऊन येतो, सरकार ते देत नाही म्हणून काढूनही घेऊ शकत नाही, हे त्यांनीच आमच्याकडून घोकून घेतलं होतं. ती बाई गाठोडं घेऊन ओसरीवर आली.

"मास्तर, काल हा कापूस माहा होता. मंग आज कोनाचा हाय?"

वडील म्हणाले, कायदा वाईट नाही, व्यापारी शेतकऱ्याला लुटत होते. तेही खरंच होतं. मग म्हणाले, कापूस तुझाच, पण... मला दोघांचाही राग आला. हा तिचा जन्माचा हक्क म्हणावा, तर रिवाज आमच्या आजोबांनी पाडलेला. आजोबांनी दिलेला म्हणावा, तर उन्हात वाकून वेचला कोणी? डोक्याचा पार भुगा झाला.

शेवटी वडिलांनी तिचा कापूस आमच्या गाडीत घातला, आपल्या नावावर मोजून दिला आणि पैसे आले तसे तिच्या हातावर ठेवले. लुगडं झालं. आई म्हणाली, मिटलं एकदाचं.

पुढच्या वर्षी शेवटच्या वेचणीला त्या बाईने आपली ओटी आमच्या ढिगावर रिकामी केली आणि ती निघाली. आईने हाक मारून ओटी राहिल्याचं सांगितलं.

"तुमच्याच नावावर मोजाचा, त मंग तुमचाच असू द्या," ती म्हणाली.

तिच्या मागोमाग बाकीच्या बायांनीही ओट्या सोडल्या. तो हक्क कायद्याने गेला, आमच्या चांगुलपणाने गेला की तिनेच सोडला, हे मला अजून कळलेलं नाही. त्या साली आमचा कापूस मात्र जास्त भरला.