पालक, चिलापी आणि आमचे बॉटनीचे सर

आमच्या कॉलेजातले बॉटनीचे सर पाण्याची चव घ्यायचे. तहान लागली म्हणून नव्हे, ओळख करून घ्यायची म्हणून. कुणाच्या घरी गेले की आधी नळाखाली ओंजळ धरायचे, घोट तोंडात घोळवायचे आणि यजमानांना मोठ्यानं सांगायचे, "गणपतीपासनं टाकी धुतलेली दिसत न्हाय." घरची माणसं खजील व्हायची आणि सर चहाची वाट बघत निवांत बसायचे. वर्गात ते छापील पुस्तकासारखं बोलत, पण तास संपला की त्यांच्या तोंडून थेट त्यांचं नेसरी गाव बोलायला लागायचं. आवाज मात्र दोन्हीकडे सारखाच. शेजारच्या वर्गातली मुलंही बॉटनी शिकून जायची.

मी तिथं केमिस्ट्री शिकवायला लागले, तेव्हा सर निवृत्तीला आले होते. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'केमिस्ट्रीबाई'. एका दुपारी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्या पुढ्यातली चहाची बशी ओढली आणि विचारलं, "केमिस्ट्रीबाई, ही बशी म्हंजे टाकी. आत मासं सोडलं. मासं खाणार, घाण करणार. त्ये पाणी पंपानं वर चढवायचं, खडीत. खडीत पालक लावलेला. पालक ती घाण खाऊन माजणार, आन् पाणी न्हाऊनधुऊन परत खाली माशांकडं. काय म्हणणं हाय?" पाणी वर कसं चढतं हे दाखवताना बशीतला चहा माझ्या साडीवर चढला.

लायब्ररीत आलेल्या कुठल्याशा परदेशी मासिकात त्यांनी असं काही वाचलं होतं. आज या प्रकाराला भारदस्त इंग्रजी नाव आहे. सर त्याला 'संसार' म्हणायचे. "एकानं घाण करायची, दुसऱ्यानं निस्तरायची, आन् दोघांनी बी जगायचं," असा त्यांचा खुलासा. निवृत्तीनंतर हाच धंदा करायचा, भाजीही विकायची आणि मासेही, हे त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकींना, हे मुळीच पसंत नव्हतं. "राजारामपुरीत लोक शिकवणीचे क्लास काढत्यात, आमचं ह्ये डबकं काढाय निघालेत," असं त्या माझ्यादेखत म्हणाल्या. सर म्हणाले, "डबकं न्हवं, टाकी."

जागा दिली भूपालअण्णांनी. अण्णा जैन, बियाण्यांचे आणि भाजीचे व्यापारी, सरांचे शाळेपासूनचे मित्र. शहराबाहेर उचगावला त्यांचा विहीर असलेला एक पडीक तुकडा होता. मित्राला नाही म्हणवेना आणि माशांना हो म्हणवेना, अशी त्यांची पंचाईत झाली. शेवटी त्यांनी एक अट घातली, "वरची भाजी मी विकतो. खाली काय चाललंय, त्ये मला सांगायचं न्हाय." मासे हा शब्दसुद्धा त्यांच्या तोंडात येत नसे. "काय सर, मंडळी बरी हायत न्हवं?" असं ते विचारायचे. मग आम्हीही सगळे 'मंडळी'च म्हणायला लागलो. अण्णांची सायकल फाटकात दिसली की सर टाकीवर ताडपत्री ओढायचे.

निवृत्तीला अजून काही महिने होते, पण सरांना दम नव्हता. टाकी बांधली विटा-सिमेंटची. लोखंडी पिंपं उभी चिरून त्यांच्या अर्ध्या भागांत खडी भरली, ती टाकीच्या वर फळ्यांवर ओळीनं मांडली, तळाला भोकं पाडली. विहिरीचं पाणी टाकीत सोडलं आणि सरांनी सवयीप्रमाणे ओंजळ भरून तोंडाला लावली. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरलेला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सर चक्क गप्प होते. पोळलेल्या जिभेला साय लावून बसले होते. मुलांना वाटलं, प्राचार्यांशी भांडण झालं. मी लिटमस बुडवून बघितला आणि सांगितलं, की हे पाणी निवायला वेळ लागेल. मग टाकीत केळीचे खुंट आणि शेण टाकून पाणी मुरत ठेवलं, उपसलं, पुन्हा भरलं. माश्या आल्या, मासे अजून यायचे होते.

पहिले मासे सरांनी उतावीळपणानं सोडले आणि ते सगळे मेले. खडी नवी होती. माशांची घाण पालकाच्या उपयोगी करून देणारे बारीक जीव त्या खडीत अजून वसले नव्हते. हे मी सांगितल्यावर सर टाकीच्या कडेवर बसले. "म्हंजे स्वयपाकी यायच्या आदी पंगत बसवली मी," ते म्हणाले. त्यानंतर मात्र त्यांनी धीर धरला. ओढ्यातली जुनी शेवाळलेली खडी आणून पिंपांत मिसळली आणि मी होय म्हणेपर्यंत एकही मासा आणला नाही. माझं त्यांनी कधी ऐकलं असेल तर ते तेवढंच.

मग संसार लागला. पालक असा आला की पानं पत्रावळीएवढी. अण्णा जुड्या बांधून राजारामपुरीत पाठवू लागले. एकदा हौसेनं सर स्वतः विकायला उभे राहिले आणि त्यांनी आरोळी ठोकली, "माशाच्या पाण्यावरचा पालक!" समोरची गिऱ्हाइकं जुड्या परत ठेवून चालती झाली. अण्णांनी कपाळावर हात मारला. "सर, विकायचं हाय का प्रबंध वाचायचाय?" सर म्हणाले, "खोटं बोलून पालक विकू व्हय?" तेव्हापासून सरांना बाजारबंदी झाली.

खाली टाकीत वेगळंच संकट उभं राहिलं. मासे चिलापी जातीचे. ते इतक्या वेगानं वाढायला लागले की टाकीत पाण्यापेक्षा मासेच जास्त दिसू लागले. सरांनी दवाखान्यातून कुटुंबनियोजनाची लाल त्रिकोणाची पाटी मागून आणली आणि टाकीवर लावली. अण्णांनी ती वाचली, ताडपत्रीखाली काय चाललं असेल ते ओळखलं आणि सायकलवर टांग मारली.

आणि मग ती मे महिन्यातली दुपार आली. वीज गेली, पंप थांबला. एवढ्या गर्दीत माशांना हवा पुरेना. सगळे वर येऊन तोंडं उघडीमिटी करू लागले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उंचावरून ओतत राहायला हवं होतं, आणि आम्ही तिघंच. मी, सर आणि कधी नव्हे ते डबा घेऊन आलेल्या काकी. बाहेरच्या रस्त्यानं वाजतगाजत वऱ्हाड चाललं होतं. नवरदेव घोड्यावरून मारुतीला निघाला होता. सर फाटकात धावले आणि बँडच्या वर आवाज चढवून ओरडले, "पावणं, थांबा! आत या! आमची मंडळी मराय लागल्यात!"

अख्खं वऱ्हाड आत घुसलं. नवरदेवानं घोड्यावरून उडीच टाकली. सगळ्यांना वाटलं, विहिरीत माणसं पडली. टाकीत डोकावल्यावर दिसले ते तोंडं उघडीमिटी करणारे मासे.

"ही मंडळी?" नवरदेवानं विचारलं.

"व्हय की. जीव तर हाय न्हवं?" सर म्हणाले.

नवरदेवानं मुंडावळ्या मागं टाकल्या आणि बादली उचलली. मग काय, बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली, करवल्यांनी कळशा घेतल्या. पाणी भरायचं, उंचावरून ओतायचं. कुणी हसत होतं, कुणी सरांना शिव्या देत होतं, पण हात कुणाचा थांबला नाही. नवरीचे वडील शोधत आले तेव्हा काकींनीच त्यांच्या हातात घागर दिली. एवढ्या गलक्यात मला अण्णा दिसले. कधी आले कळलंही नाही. धोतराचा काचा मारून ते टाकीत कमरेएवढ्या पाण्यात उभे होते आणि दोन्ही हातांनी पाणी उडवत होते. ताडपत्री कोपऱ्यात पडली होती. वीज आली, पंप घरघरला, आणि नवरदेवाच्या पाठीवर थाप मारून सर म्हणाले, "जा आता. तुजा बी संसार चांगला व्हणार." मुहूर्त टळला होता. भटजींनी दुसरा काढून दिला.

पुढच्याच आठवड्यात एक हॉटेलवाला मासे न्यायला टोपल्या घेऊन आला. धंद्याचा तो अर्धा भाग होता आणि त्यावाचून पंपाचा खर्च भागणार नव्हता. अण्णा टाकीच्या कडेवर येऊन बसले. हॉटेलवाल्याकडं त्यांनी बघितलंच नाही.

"सर, नांगराचा बैल कोण खातंय व्हय?"

"ह्ये बैल न्हवंत, अण्णा."

"काम करत्यात की. तुमीच सांगता, ह्यांच्या जिवावर पालक हाय. मग चाकरीची जनावरं झाली. त्या दुपारी मी हातानं जगवल्यात त्यांना. माजं म्हणणं मी सांगितलं. तुमी मालक."

सर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. दोन वर्षं रंगवलेला हिशोब त्यांच्या चेहऱ्यावरून पुसला जाताना मी बघत होते. मग त्यांनी हॉटेलवाल्याला चहा पाजला आणि रिकाम्या टोपल्या स्वतः उचलून त्याच्या गाडीत ठेवल्या. जाताना तो म्हणाला, "डोकं फिरलंय तुमचं." सर म्हणाले, "ह्या आमच्या मंडळींना खायाला लागलो न्हाय, म्हणून ऱ्हायलंय जाग्यावर." बाजारातला मासा ते पूर्वीसारखाच ताव मारून खात राहिले. त्यांचा नियम साधा होता. ओळखीचा मासा खायचा नाही.

वाढलेली पिल्लं मग ते वाटायला लागले. ज्याच्या विहिरीत डास, त्याला पिशवीतून मासे. पंपाचा खर्च अण्णांनी पालकाच्या जुड्या लहान करून भागवला. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, पण घेतल्या. धंदा कधी वाढला नाही आणि कधी बुडालाही नाही. सर रोज सकाळी राजारामपुरीतून सिटी बसनं उचगावला जायचे आणि बसमध्ये शेजारी बसलेल्याला संसार समजावून सांगायचे. कंडक्टरला तो पाठ झाला होता.

सर गेले ते झोपेत, थंडीच्या दिवसांत. काकी मुलाकडं पुण्याला गेल्या. नंतर कधीतरी मी उचगावला गेले, तेव्हा मला वाटलं होतं की टाकी कोरडी असेल. पंप चालू होता. अण्णा एकटेच खडी धूत बसले होते. वय झालं होतं. दुकान मुलांनी ताब्यात घेतलं होतं आणि तिथं आता हा पालक कुणी विकत नव्हतं.

"अण्णा, आता कुणासाठी?" मी विचारलं.

त्यांनी हातातली खडी पिंपात टाकली. "सर गेल्याचं आमाला कळलं, बाई. ह्यांना कोण सांगणार? ह्यांनी काम सोडलेलं न्हाय."

मग त्यांनी भोवतालचा पालक बघितला, सगळ्यात रुंद पानांची एक भलीमोठी जुडी खुडली आणि माझ्या पिशवीत कोंबली. "पातळ भाजी करा," ते म्हणाले, "आन् दाणं जरा जास्त घाला. सरांना तशी आवडायची."